नऊ दगडांचा तांडा

या सदरात लोक जे लिहितात त्यातलं निम्मं मला खोटं वाटतं, हे आधीच सांगून टाकतो. चकवा लागला, बंद घरातून हाक आली, रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई उभी होती… माझे ड्रायव्हर मला हे तीस वर्षांपासून ऐकवत आले आहेत, आणि दर वेळी शेवटी निघालं काय, तर गाडी दोन तास ढाब्यावर उभी होती. भुताचं कारण सांगणाऱ्याकडे मी आधी टोलची पावती मागतो. त्यामुळे खालचं वाचून कोणी मला भोळा समजू नये. जसं घडलं तसं लिहितो.

यवतमाळला लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं ट्रान्सपोर्टचं यार्ड आहे. क्लीनर म्हणून सुरुवात केली, आज स्वतःच्या अकरा गाड्या आहेत. कापसाच्या गाठी, सोयाबीन, सिमेंट, काय म्हणाल ते नेतो. कोणी बापानं दिलं नाही, कोणी साहेबानं दिलं नाही. तोंड कडक आहे, घासाघीस केल्याशिवाय मी साधा टायरसुद्धा घेत नाही, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही गोर, म्हणजे बंजारा. माझे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. तांडा महागाव तालुक्यात आहे. माझ्या बापाची मोठी बहीण, सोनीआत्या, अजून तिथंच राहते. वय नव्वदीला टेकलं असेल, पण कान आणि जीभ शाबूत.

आता राग कशाचा ते सांगतो. माझे आजोबा थावरू आणि तांड्याच्या नायकाचा मुलगा भोजू, हे दोघं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कामासाठी मुंबईला गेले आणि मालवाहू जहाजांवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला लागले. वेगवेगळ्या जहाजांवर. भोजू परत आला. आजोबांच्या ऐवजी कंपनीचा एक इंग्रजी कागद आला, तो कोणीतरी तांड्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवला — ‘हा खलाशी इजिप्तच्या बंदरात जहाज सोडून पळाला.’ संपलं. तेव्हापासून आमचं घर पळपुट्याचं घर. शाळेत मला कोणी ‘पळपुट्याचा नातू’ म्हटलं की मी मारामारी करायचो. पुढं मोठा झालो, गाड्या झाल्या, मग तोंडावर म्हणायचं बंद झालं. पाठीमागं चालूच होतं.

दोन वर्षांपूर्वी तांड्यात ठरलं की मंदिरापुढं एक दगड उभारायचा आणि लढाईच्या काळात बाहेर गेलेल्यांची नावं त्यावर कोरायची. कमिटीचा प्रमुख परसराम, म्हणजे भोजूचा नातू. मी गेलो तेव्हा तो यादीच घेऊन बसला होता. पहिलं नाव भोजूचं.

“थावरूचं नाव कुठी हाय?” मी विचारलं.

“किसनभाऊ, तुमचा मान हाय. पण पळालेल्याचं नाव कोरलं तं बाकीचे काय म्हनतीन?”

“पळाला हे तुले कोनं सांगितलं?”

“कागद सांगते ना बाप्पा. तुमच्यापाशी दुसरा कागद असन तं आना. पोळ्यापर्यंत थांबतो.”

तिथं बसलेली चार माणसं हसली. मी तिथंच त्याची कॉलर धरणार होतो, पण धरली नाही. घरी येऊन सुनेला म्हटलं, कॉम्प्युटर उघड.

माझी सून अश्विनी इंग्रजी चांगलं जाणते आणि माझ्यासारखीच हट्टी आहे. तिनं आजोबांच्या जहाजाचं नाव कागदावरून घेतलं आणि शोधत बसली. ते जहाज भूमध्य समुद्रात इजिप्तहून लिबियातल्या टोब्रुक बंदराला रसद नेणाऱ्या एका ताफ्यात होतं. तेव्हा टोब्रुकला वेढा पडला होता, आतल्या फौजेला खाणं, दारूगोळा, पेट्रोल सगळं समुद्रातून जायचं. त्या ताफ्यावर जर्मन विमानांचा हल्ला झाला होता, आणि एक जहाज गेलं होतं.

मी तिथंच मनात ठरवून टाकलं. आजोबा जहाजावरच होते, तेच जहाज बुडालं, आणि कंपनीनं नुकसानभरपाई टाळायला ‘पळाला’ लिहून टाकलं. एवढं सिद्ध झालं की परसरामचं तोंड बंद. आणि ते जहाज बुडालंच नसेल तर… मग कागद खरा, आणि आजोबा खरंच पळाले. मधला रस्ता नव्हता.

पण एकही रेकॉर्ड दुसऱ्याशी जुळेना. राखणीला असलेल्या युद्धनौकेचा अहवाल म्हणे, सात जहाजं होती, हल्ला साडेबाराला, एका जहाजाला इजा. ताफ्याचा प्रमुख कप्तान म्हणे, नऊ जहाजं, हल्ला अडीचला, एक जळून बुडालं. विमानवाल्यांचा अहवाल म्हणे दीडला हल्ला केला आणि तीन जहाजं बुडवली. कोणी म्हणे विमानं डावीकडून आली, कोणी उजवीकडून. अश्विनीनं वाचलेल्या एका पुस्तकात तर त्याचे तीन वेगवेगळे हल्ले करून टाकले होते.

अश्विनी वैतागली. मला मात्र हे ओळखीचं वाटलं. माझ्याकडं एका खेपेचे चार कागद येतात — ड्रायव्हरची वही, वजनकाट्याची चिठ्ठी, टोलची पावती आणि माल उतरवणाऱ्याची सही. चारींवर चार वेळा. ड्रायव्हर खोटं बोलतो म्हणून नव्हे, तर काट्यावरचं घड्याळ पुढं असतं आणि गोडाऊनवाला संध्याकाळी बसून अंदाजे लिहितो.

“यांचं घड्याळ कुठल्या गावचं, ते पाहा,” मी म्हटलं.

तिनं पाहिलं. युद्धनौका लंडनची वेळ धरायची, विमानवाले जर्मनीची, मालाची जहाजं इजिप्तची. साडेबारा, दीड, अडीच… तिन्ही एकच क्षण. तीन हल्ले नव्हते, एकच होता. तीन बुडालेली जहाजं म्हणजे तीन वैमानिकांनी एकाच जहाजावर सांगितलेला हक्क. डावं-उजवं तर सोपं होतं. विमानं समोरून आली असली तर त्यांचं डावं ते जहाजाचं उजवं.

“बाबा, तुम्ही इतिहासाचे प्रोफेसर व्हायले पाहिजे होते,” अश्विनी म्हणाली.

“मग तुह्या सासऱ्याच्या गाड्या कोनं चालवल्या असत्या?”

आता राहिलं एकच. कोणतं जहाज बुडालं? युद्धनौकेचा अहवाल फक्त ‘रांगेतलं एक’ म्हणत होता. प्रमुख कप्तानानं ताफ्याचा नकाशा काढला होता असा उल्लेख सापडला, पण नकाशा नव्हता. तो माल्टा बेटावरच्या एका निवृत्त शिक्षकाकडं असल्याचं कळलं. ताफ्यांचे कागद जमवणं हा त्याचा छंद. त्यानं उत्तर पाठवलं, की मी संग्रहातलं असं कोणाला देत नाही.

या मधल्या दिवसांत मी एका रविवारी सकाळी तांड्यात गेलो. आत्याला विचारायचं होतं, की आजोबांची काही चिठ्ठी, काही वस्तू होती का. आत्या अंगणात तूर पाखडत होती.

“चिठ्ठी कायची, त्याले लिहता कुठी येत होतं,” ती म्हणाली. “याडी दगड मांडे, तेवढंच.”

“कोनते दगड?”

याडी म्हणजे तिची आई, माझी आजी. पण दगडांचं हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात जुनी रीत होती म्हणे. माणसं लदेणीवर गेली, म्हणजे बैलांवर माल घेऊन निघाली, की घरची बाई अंगणात बैलांच्या दर टोळीसाठी एकेक दगड मांडायची आणि रोज थोडा पुढं सरकवायची. माणसं कुठवर पोचली असतील त्याचा तेवढाच विचार. आजोबा गेल्यावर आजीनं ते चालू ठेवलं. एक दिवस मात्र तिनं वेगळंच मांडलं. आणि त्यानंतर दरवर्षी त्याच दिवशी तसंच मांडत राहिली.

“मांडून दाखव,” मी म्हटलं.

आत्यानं सूप बाजूला ठेवलं. अंगणातले दगड वेचले, नऊ. मांडायला सुरुवात केली, तर दोन दगड उचलून स्वतःच्या ओटीत टाकले.

“हे दोन काहून काढले?”

“हे घरी वापस गेले.”

राहिले सात. मला वाटलं एका रांगेत मांडेल, तांडा एकामागं एक चालतो म्हणून. माझ्या डोक्यातही जहाजं तशीच होती. तिनं दोन रांगा केल्या. डावीकडं चार, उजवीकडं तीन. उजव्या रांगेतला शेवटचा दगड थोडा मागं आणि तिरपा, रांगेबाहेर डोकं काढल्यासारखा. मग एक छोटा खडा घेऊन दूर पुढं ठेवला.

“आन हा?”

“हा राखनीचा कुत्रा. भवती फिरते.”

मग तिनं तो तिरपा दगड उचलला आणि पाण्यानं भरलेल्या लोट्यात सोडला. “हा तुहा आजा.”

माझं डोकं फिरलं. आजोबांचं जहाज युद्धनौकेच्या अहवालातल्या यादीत सगळ्यात पहिलं होतं, आणि ही शेवटचा दगड बुडवत होती. माझ्या केसला उलटं पडणारं.

“तुले काय समजते त्यातलं?” मी बोललो. “पाच वर्षांची होतीस तू. पोराखेळ हाय हा.”

“पाच वर्षांची होती, पण थापड आठोते मले,” आत्या म्हणाली. “गुरं घरी येत होते. याडीनं दगड पान्यात टाकला, म्या खेळाले म्हनून काढला, तं तिनं थोबाडीत देल्ली. त्याच्या आंधी कधी हात नव्हता लावला तिनं मले. मंग दोन महिन्यानं कागद आला.”

निघताना लोट्यातला दगड परत जागेवर ठेवायला लावून मोबाइलवर फोटो काढला. का काढला ते सांगता येत नाही. मालाचा फोटो काढायची सवय आहे, तसा.

पुढं माल्टाच्या मास्तराशी घासाघीस सुरू झाली. अश्विनी लिहायची, मी सांगायचो. त्याला पैसे नको होते. मग त्याला काय हवं असेल? मी म्हटलं, त्याला विचार, तुझ्या हिशोबानं त्या दिवशी हल्ले किती? तो म्हणाला, तीन, पण वीस वर्षं झाली, जुळत नाहीत. मी कळवलं, का जुळत नाहीत ते मला माहीत आहे, आधी नकाशा पाठव. तो म्हणाला, आधी तुम्ही सांगा. आठवडा गेला. शेवटी मी अर्धं सांगितलं, फक्त लंडन आणि इजिप्तच्या घड्याळाचं. दुसऱ्या दिवशी दुपारी नकाशा आला, सोबत दोन कप्तानांचे जबाब. मी उरलेलं अर्धं लगेच पाठवलं. माझ्या व्यवहारात मी शब्द मोडत नाही.

यार्डच्या ऑफिसात दुपारी दोनच्या सुमारास अश्विनीनं नकाशा उघडला. निघताना नऊ जहाजं. सकाळी दोन इंजिनाच्या बिघाडानं बंदराकडं परतली. राहिली सात — डाव्या रांगेत चार, उजव्या रांगेत तीन. युद्धनौका दूर पुढं. उजव्या रांगेतलं शेवटचं जहाज मागं पडलेलं आणि रांगेबाहेर वळलेलं, कारण त्याच्या बॉयलरला वाफ कमी होती. त्याच्यावर फुली. बुडालं ते हेच.

आजोबांचं जहाज डाव्या रांगेत सगळ्यात पुढं. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. ते टोब्रुकला माल उतरवून सुखरूप परत आलं.

म्हणजे मी हरलो होतो. कागद खरा, परसराम खरा, माझे आजोबा पळपुटे. मी खुर्चीत बसून राहिलो. बाहेर हमाल गाठी चढवत होते, त्यांच्यावर ओरडायचंही सुचलं नाही.

अश्विनी म्हणाली, “बाबा, तुमचा तो दगडांचा फोटो काढा.”

मी मोबाइल दिला. तिनं फोटो आणि नकाशा शेजारी ठेवले. आकृती एकच होती. तिरपा दगड ज्या अंगाला तिरपा, त्याच अंगाला जहाज वळलेलं. फोटोवर तारीख होती, नकाशा येण्याच्या सव्वीस दिवस आधीची. गुरं घरी येण्याची वेळही मी मोजून पाहिली. इजिप्तचे अडीच म्हणजे आपले सहा.

“आत्या म्हणाल्या ना, शेवटचा दगड म्हणजे आजोबा,” अश्विनी म्हणाली. “मग शेवटच्या जहाजाचा जबाब वाचू.”

तो जबाब सोबतच आला होता. माझ्या नादात मी तो बघितलाच नव्हता. त्या जहाजाचा कप्तान वाचला होता. भट्टीजवळ मेलेल्यांबद्दल त्यानं लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा — ‘यादीतला भोजू ताप आल्यानं बंदरातल्या दवाखान्यात राहिला. निघण्याच्या संध्याकाळी त्याचा एक गाववाला, वऱ्हाडचा, दुसऱ्या जहाजावरून आपणहून आला आणि त्याच्या जागी कामाला उभा राहिला. गडबडीत त्याचं नाव लिहायचं राहून गेलं. बॉम्ब पडला तेव्हा तो खाली होता. वर आला नाही.’

मला ते लगेच समजलं, आणि दुसऱ्या कोणाला इतक्या लगेच समजलं असतं असं वाटत नाही. तांड्यात एखादा आजारी पडला तर त्याच्या बैलांमागं शेजारचा उभा राहतो. विचारत नाही, सांगत नाही. सगळे एकाच मुक्कामाला जाणार, मग कोणाच्या बैलांमागं चाललं त्याला काय महत्त्व? आजोबांनी तेच केलं. त्यांच्या दृष्टीनं तांडा एकच होता, जहाज बदललं एवढंच. तिकडं मात्र जहाज बदललं म्हणजे माणूस पळाला. माझे ड्रायव्हरसुद्धा आपसात खेपा बदलतात, आणि मी त्यांना याच गोष्टीसाठी आईमाईवरून बोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तांड्यात गेलो. गाडीत मनात सगळं मांडून ठेवलं होतं. आधी सगळ्यांना मंदिरापुढं बोलवायचं, मग जबाब मोठ्यानं वाचायचा, परसरामला मान खाली घालायला लावायची आणि पन्नास वर्षांचं सगळं एकदम वसूल करायचं. पण परसराम एकटाच ओट्यावर बसला होता. अश्विनीनं केलेलं मराठी भाषांतर मी त्याच्या हातात दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं. आपल्या आजोबाच्या नावावर त्याचं बोट थांबलं.

“हे अजून कोनाले दाखोलं?” त्यानं विचारलं.

“पयले तुलेच.”

त्यानं कागदाची घडी घातली. मग म्हणाला, “आजोबा शेवटी शेवटी थावरूचं नाव घेत होते. घटकाभरानं घटकाभरानं. आमाले वाटलं, शिव्या देऊन राह्यले.”

मी काय ठरवून आलो होतो ते सगळं तिथंच राहिलं. भांडायला समोर माणूस पाहिजे, आणि समोर नुसता एक माणूस बसला होता, ज्याला आत्ताच कळलं होतं की आपण कोणाच्या जिवावर जन्मलो.

“दगडावर नाव पाहिजे,” मी म्हटलं. “भोजूच्या बाजूले. खाली नाही.”

“वर घेतो,” परसराम म्हणाला.

“बाजूले म्हटलं ना मी.”

पोळ्याच्या आधी नाव कोरलं गेलं, भोजूच्या शेजारी, एकाच ओळीत. भोजूनं जन्मभर तोंड का उघडलं नाही, याचा राग मला अजून आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. माफी परसरामनं मागितली नाही. मीही मागायला लावली नाही, याचं मलाच नवल वाटतं.

आता दगडांबद्दल. मी व्यवहारी माणूस, आधी हाच संशय घेतला की कोणीतरी आजीला येऊन सांगितलं असेल. पण भोजू दवाखान्यात होता, त्यानं ताफा समुद्रात पाहिलाच नाही, आणि तो घरी आला दोन वर्षांनी. दुसरं कोणी आलं नाही. शिवाय पाण्यात असलेल्या माणसाला सगळ्या जहाजांची जागा कशी दिसेल? आणि सांगणारा कोणी असता तर आजीनं ‘पळाला’ हा कागद मुकाट्यानं का ऐकून घेतला असता? तिनं कधी समुद्र पाहिला नव्हता. मी तीन वर्षांचा असताना ती गेली. आत्यानं मांडणीत चूक केली आणि ती नेमकी बरोबर आली, असंही धरून पाहिलं. नऊ दगड, दोन परत, चार-तीनच्या रांगा, एक तिरपा, वर राखणीचा खडा… असा योगायोग मला कोणी बाजारात सांगितला असता तर मी उठून गेलो असतो.

नाव कोरल्यावर महिनाभरानं मी अश्विनीला घेऊन तांड्यात गेलो. तिला मांडणी डोळ्यांनी बघायची होती, व्हिडिओ काढायचा होता. आत्यानं नऊ दगड घेतले आणि एकामागं एक सरळ ओळीत ठेवले.

“असं नाही आत्या. दोन रांगा होत्या,” मी म्हटलं.

तिनं परत उचलले, परत सरळ ठेवले. मग थांबली. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. तिनं तो डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला.

“हे कोनं मांडलं?”

“तूच.”

“म्या कायले असं मांडीन?” ती म्हणाली. “तांडा असा चालते का कधी?”

वय झालं म्हणून विसरली, असं डॉक्टर म्हणेल. पण त्याच बैठकीत तिनं मला माझ्या लग्नात कोण कोण रुसलं होतं, आणि कशावरून, ते सगळं नावानिशी सांगितलं. थापडही तिला आठवते, पण ती कशासाठी पडली होती ते आता सांगता येत नाही. माझ्याकडं फोटो आहे, तारीख आहे, नकाशा आहे, कप्तानाचा जबाब आहे. चारी कागद जुळतात, आणि तरी ही खेप कशी झाली ते मला सांगता येत नाही.